क्रोशाच्या सुईवरचं प्रवाळ

क्रोशाचा गोल रुमाल विणणाऱ्या प्रत्येकीला एक हिशेब तोंडपाठ असतो. मधल्या कड्यात सहा मुके खांब (आखूड टाके), पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच टाके वाढवले की रुमाल सपाट पसरतो. वाढवायचं राहिलं तर कडा वर वळते आणि वाटी होते. टोपी अशीच विणतात. आणि टाके जास्त झाले तर कडेला झालर येते. मग आपण उसवायला घेतो.

१९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिना या लातव्हियन गणितज्ञ बाईंनी ती झालर मुद्दाम वाढवत नेली.

शाळेत आपण शिकलो, की रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा जाते. युक्लिडचं हे गृहीतक इतर गृहीतकांवरून सिद्ध करायला गणितींनी दोन हजार वर्षं डोकं शिणवलं. शेवटी १८२९मध्ये लोबाचेव्हस्की आणि १८३२मध्ये बोल्याई यांनी अशी भूमिती मांडली, जिथे त्या बिंदूतून असंख्य समांतर रेषा जातात आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. तिला अपास्तीय (हायपरबोलिक) भूमिती म्हणतात. कागदावर ती मांडता येते, पण डोळ्यांपुढे आणणं कठीण. अमेरिकन गणितज्ञ विल्यम थर्स्टनने कागदी पट्ट्या चिकटवून तिचे नमुने केले होते, पण ते हाताळताना फाटत.

टाइमिना लहानपणीच क्रोशा शिकलेल्या. ठरावीक टाक्यांनंतर एका टाक्यात दोन विणायचे, हा नेम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. प्रत्येक टाक्यात दोन घातले तर ६, १२, २४, ४८ असं होत नवव्या फेरीला १५३६ टाके लागतात. एवढा घेर सपाट मावणार कुठे? तो चुण्या घालत वर-खाली उसळतो. या विणीला घडी घातली की ती घडी म्हणजे सरळ रेषा. बाजूचा एक बिंदू धरून त्यातून आणखी तीन-चार घड्या अशा घालता येतात, की एकही पहिलीला छेदणार नाही. मला तरी ही भूमिती आकृत्यांवरून कधीच पटली नव्हती. ती या घड्यांनी पटवली.

२००५ साली लॉस एंजेलिसमध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वेर्दाइम या जुळ्या बहिणींनी हीच वीण हातात घेतली. दोघी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या अवाढव्य रांगेच्या प्रांतातल्या. नेम जरा मोडला, टाके कुठे दाट कुठे विरळ वाढवले, की लोकरीतून हुबेहूब प्रवाळ उमलतात, हे त्यांच्या लक्षात आलं. समुद्रातले कित्येक प्रवाळ असेच चुणीदार असतात, कारण थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग मिळाला की वाहत्या पाण्यातलं अन्नही जास्त मिळतं.

पुढे गावोगावच्या लोकांनी आपापले रीफ विणले. जर्मनीत बाडेन-बाडेनला २०२२मध्ये मांडलेल्या रीफसाठी सुमारे चार हजार जणांनी चाळीस हजारांवर प्रवाळ विणून पाठवले. विज्ञानाच्या बहुतेक प्रदर्शनांत आपण काचेपलीकडचं पाहून पुढे सरकतो. इथे आपला एक तुकडा त्यात असतो, म्हणून माणूस थांबतो, विचारतो: हा शेजारचा पांढरा का? पाणी फार तापलं की प्रवाळाच्या अंगातलं शेवाळ निघून जातं. त्याचा रंग आणि बरंचसं अन्न त्या शेवाळाचंच असतं. ते फार दिवस परतलं नाही तर प्रवाळ मरतो. बहिणींनी प्लास्टिकच्या कचऱ्याचाही एक रीफ विणला आहे.

प्रवाळ आपल्याकडेही आहेत. मालवणच्या किल्ल्याभोवती आहेत, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, आंग्र्यांचं नाव लावणाऱ्या अँग्रिया बँकेच्या बुडालेल्या पठारावर आहेत. ते पाण्याखाली असल्याने किनाऱ्यावरच्या कित्येकांनी कधी पाहिलेलेच नाहीत. त्यांचा लोकरीचा रीफ मालवणच्या एखाद्या शाळेच्या पडवीत विणला जावा असं मला मनापासून वाटतं. मुलांनी प्रवाळांची चित्रं समोर ठेवावीत, आज्यांनी सुया काढाव्यात, आणि झालर आली तर या वेळी कुणी उसवू नये.