वसतिगृह कुणाच्या जबाबदारीचे? महाराष्ट्रातील विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांच्या निवासाची पार्श्वभूमी

पदव्युत्तर प्रवेश निश्चित होतो, तासिका सुरू होतात आणि वसतिगृहाची यादी मात्र लागलेली नसते. जागा कमी आणि विद्यार्थी जास्त, हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. जागा मुळात कमी का राहिल्या, हे पाहायचे तर विद्यापीठाच्या स्थापनेपर्यंत मागे जावे लागते. आपली जुनी विद्यापीठे विद्यार्थ्यांना राहायला जागा द्यायची म्हणून उभारलेलीच नव्हती.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढेच त्याचे काम. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. राहण्या-जेवण्याचे ज्याचे त्याने पाहायचे. पुण्यामुंबईत आलेला गरीब मुलगा नातेवाइकाकडे पडवीत राही, माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. ही सोय अनेकांना तारून गेली, पण ती जातीच्या उंबरठ्याशी थांबत होती. ज्याला कुणी वार देणार नाही, त्याला शहरात शिकताच येत नव्हते. निवासाचा प्रश्न हा प्रवेशाचाच प्रश्न होता, आणि आजही तो तसाच आहे.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्यात हा विषय पहिल्यांदा ठळकपणे आला. संलग्नता हवी असलेल्या महाविद्यालयाने, जे विद्यार्थी पालकांकडे राहत नाहीत त्यांच्या निवासाची व्यवस्था महाविद्यालयात किंवा महाविद्यालयाने मान्य केलेल्या जागेत होईल हे दाखवायचे होते. त्यांच्यावरील देखरेख आणि शारीरिक हित हेही त्याच कलमात होते. दोन गोष्टी इथेच रुजल्या. एक, जबाबदारी विद्यापीठावर न येता महाविद्यालयावर गेली. दोन, निवास आणि देखरेख यांची गाठ बसली. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाची वेळ, रात्रीची हजेरी, बाहेर जाण्यासाठी पालकांचे पत्र, या सगळ्यामागे हीच जुनी समजूत आहे. काशी हिंदू विद्यापीठ (१९१६) किंवा ढाका विद्यापीठ (१९२१) सुरुवातीपासून निवासी म्हणून आखले गेले. मुंबई इलाख्यात संलग्नतेचीच चौकट कायम राहिली.

ही पोकळी भरून काढली ती समाजाने, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवले. जैन, लिंगायत, मुस्लिम आणि इतर समाजांची बोर्डिंगे त्यापाठोपाठ उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शाहू महाराजांची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. महाराज जागा, इमारतीसाठी मदत आणि कायमचे उत्पन्न लावून देत. रोजचा कारभार त्या त्या समाजाच्या संस्थेने पाहायचा. इमारत बांधून झाल्यावर ती चालवायची कशातून, याची तरतूद आधीच केलेली असे. ‘वसतिगृहांची जननी’ हे कोल्हापूरचे नाव त्यातून आले.

जातवार बोर्डिंगे ही त्या काळाची गरज होती, पण पंक्ती वेगळ्याच राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंक्तीत बसवले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. स्वावलंबनाची जी रीत तिथे रुजली, तिचाच वारसा ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या रूपाने विद्यापीठांत चालू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळेपेक्षा वसतिगृह आधी, हा क्रम या सगळ्यांना अनुभवाने कळला होता.

स्वातंत्र्यानंतर पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) आणि शिवाजी (१९६२) ही विद्यापीठे आली. आता परिसर होता, विभाग होते, वसतिगृहेही बांधली गेली. पण ती मुख्यतः परिसरातील विभागांच्या विद्यार्थ्यांसाठी. संलग्न महाविद्यालयांत शिकणारे, म्हणजे बहुसंख्य, त्या हिशेबाबाहेर राहिले. त्यांच्यासाठी महाविद्यालयाची स्वतःची वसतिगृहे, समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची शासकीय वसतिगृहे, पुण्यातील विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या (१९५५) संस्था, आणि उरलेल्यांना कॉट बेसिस, म्हणजे खासगी खोलीत एका खाटेपुरती भाड्याची जागा.

दुसरी अडचण पैशाच्या स्वरूपाची. बांधकामासाठी अनुदान मिळते. सफाई कामगार, रखवालदार, पंप, छताची गळती यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो आणि तो विद्यापीठाच्या स्वनिधीतून आणि शुल्कातून भागवायचा असतो. शाहू महाराजांनी उत्पन्न लावून दिले होते ते नेमके याचसाठी. शुल्क वाढवले तर गरीब मुलगा बाहेर पडतो, नाही वाढवले तर दुरुस्ती राहते.

त्यात वेळापत्रकाचा घोळ. निकाल लांबला की जुना विद्यार्थी खोली सोडत नाही, नव्याला मिळत नाही, आणि मग मित्राच्या खोलीत चोरून राहणारा ‘पॅरासाईट’ जन्माला येतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण भार इमारतीवर पडतो. भारतीय मानकानुसार वसतिगृहात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. ८ मुलांमागे किंवा ६ मुलींमागे एक संडास. १०० जणांसाठी आखलेल्या इमारतीला रोज १३,५०० लिटर लागतात. तिथे २०० जण राहिले तर माणशी ६७.५ लिटर उरतात आणि एका संडासामागे १६ मुले येतात. सकाळी आठला टाकी रिकामी होते ती यामुळे. पंप जास्त वेळ चालतो, लवकर जळतो. मैलावाहिन्या तुंबतात, भिंतींत ओल उतरते.

मेसचे गणितही असेच नाजूक आहे. ठेकेदाराला ठरावीक संख्येची हमी लागते. गॅस, आचारी, भांडी घासणाऱ्या बायका यांचा खर्च ६० ताटांना आणि १०० ताटांना जवळपास सारखाच. परीक्षा संपल्या की मुले गावी जातात, खाडे (न जेवण्याचे दिवस) वाढतात आणि ताटामागचा खर्च चढतो. मग डाळ पातळ होते आणि उरलेलेही बाहेर जेवू लागतात. खाडे किती दिवस आधी कळवायचे आणि सलग किती दिवसांचे पैसे वजा होतील, हे सत्राच्या सुरुवातीलाच लेखी ठरले तर निम्मी भांडणे टळतात. धान्य खरेदी विद्यार्थ्यांच्या समितीकडे असेल तर आणखी बरे.

२०१६-१७ पासून शासनाचा भर इमारतीकडून रोख रकमेकडे वळला. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् या योजना आल्या. स्वाधार जाहीर झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० अशी ६०,००० रुपयांची तरतूद होती. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि बाकी ठिकाणी ४३,०००. निवासाचे २०,००० बारा महिन्यांत वाटले तर महिना १,६६६ रुपये होतात. मदत गरजेची आहेच आणि तिच्यामुळे कित्येकांचे शिक्षण टिकले. पण घरमालक अनामत मागतो ती प्रवेशाच्या आठवड्यात, आणि रक्कम खात्यावर येते ती अर्ज, छाननी आणि निधीवाटप झाल्यावर. मधले महिने कर्जावर निघतात.

शिवाय रोख रक्कम दिल्याने खोली तयार होत नाही. १९०४ च्या कायद्याने निदान महाविद्यालयाने मान्य केलेली जागा असावी, असे म्हटले होते. आज कॉट बेसिसवर राहायला जाणाऱ्या मुलामुलींना एका खोलीत किती कॉट आहेत, पाणी किती वेळ येते आणि संडास किती जणांत आहे, हे अनामत देण्याआधी स्वतःच मोजून घ्यावे लागते.