सेल्युलोजचा कारागीर सापडायला दीडशे वर्षे का लागली

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींमधून सेल्युलोज वेगळे काढले. ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून त्याची साखळी बनते आणि अशा अनेक साखळ्या घट्ट चिकटून पेशीभित्तिकेतला बारीक तंतू तयार होतो, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. पण तो तंतू घडवतो कोण, हे मात्र १९९० उजाडेपर्यंत कोणालाच दाखवता आले नव्हते.

याला कारण खुद्द पेशीच. जीवरसायनशास्त्राची नेहमीची रीत म्हणजे ऊती वाटायची, विकर (एन्झाइम) वेगळे करायचे, त्याला कच्चा माल द्यायचा आणि काय बनते ते पाहायचे. व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूच्या बाबतीत हे जमले. त्याच्या अर्काने यूडीपी-ग्लुकोजपासून, म्हणजे जोडणीसाठी तयार असलेल्या ग्लुकोजपासून, सेल्युलोज बनवल्याचे लुईस ग्लेझर यांनी १९५८ मध्ये दाखवले. वनस्पतीचा अर्क घेतला, की त्यातून बहुतेक वेळा निघे तो कॅलोज, ग्लुकोजचाच पण वेगळ्या जोडणीचा पदार्थ! पेशीला इजा झाली की ती कॅलोजचाच थर चढवते. म्हणजे प्रयोगशाळेला हवे ते द्यायचे सोडून झाड आपली जखम बुजवत बसे. विकर पेशीपटलातच रुतलेले, आणि पेशी फोडली की त्याचे काम ठप्प.

म्हणून पुढची खरी प्रगती पेशीला न दुखवता पाहणाऱ्यांनी केली. पॉल ग्रीन यांनी नायटेला या शैवालावर कोल्चिसिन हे पेशीविभाजन रोखणारे रसायन वापरले. नव्या भित्तिकेतले तंतू अस्ताव्यस्त झाले आणि लांब वाढणारी पेशी फुगू लागली. तंतूंना दिशा देणारे काहीतरी पेशीच्या आतच असणार, असा तर्क त्यांनी १९६२ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने जशाच्या तशा टिकवलेल्या पेशींत पटलाला लागून सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्या, दिसल्या, त्याही भित्तिकेतल्या तंतूंना समांतर. तर्क इतक्या लवकर खरा ठरण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते.

यंत्राचे पहिले दर्शन गोठवून घडले. पेशी झटकन गोठवून तडकवली, की पटल मधोमध दुभंगते. त्या भेगेवर धातूचा पातळ ठसा घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. याच तंत्राने म्युलर आणि ब्राउन यांना १९८० मध्ये मक्याच्या पेशींत सहा कणांची, सुमारे २५ नॅनोमीटर रुंदीची वर्तुळाकार रचना दिसली. तंतूच्या टोकाशी असलेले हे सहा पाकळ्यांचे फूल, ‘रोझेट’, म्हणजेच कारखाना असावा, असा कयास होता. पण ते कशाचे बनले आहे?

उत्तर कपाशीकडून आले. वेचणीला आलेल्या बोंडातला प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच, लांबच लांब वाढलेली पेशी, आणि तिची भित्तिका जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची. विदर्भातल्या वेचणाऱ्या बाईच्या चिमटीत एका वेळी अशा हजारो पेशी असतात. भित्तिका जाड होत असताना या पेशीत सेल्युलोजचे काम जोरात चालते, तेव्हा त्याची जनुकेही तिथेच जागी असणार. जिवाणूचे जनुक १९९० मध्ये हाती आलेच होते. त्याच्याशी ताडून डेबोरा डेल्मर, डेव्हिड स्टॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये कपाशीची तशीच जनुके शोधली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या गटाने अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या, फुगीर मुळे असलेल्या वाणात असेच एक जनुक बिघडल्याचे दाखवले आणि शंका मिटली.

२००६ मध्ये तर काम चालू असतानाचे चित्रीकरणच झाले. पारेडेझ, सॉमरव्हिल आणि एअरहार्ट यांनी विकराला चमकणारे प्रथिन जोडले, तेव्हा जिवंत पेशीत ठिपके सूक्ष्मनलिकांच्या वाटेने मिनिटाला साधारण ३०० नॅनोमीटर सरकताना दिसले. नलिका विरघळवल्या तरी ते थांबले नाहीत. म्हणजे नलिका फक्त वाट दाखवतात. पुढे ढकलणारा जोर लांबत जाणाऱ्या साखळीतूनच येतो, असे आज मानले जाते.

पेशीबाहेर सेल्युलोज बनवण्याचा जुना हट्टही पुरा झाला. पुरुषोत्तम पल्लिंटी आणि योखेन झिमर यांच्या गटाने पॉप्लर या झाडाचे विकर यीस्टमध्ये तयार केले, कृत्रिम पटलात बसवले आणि २०१६ मध्ये त्यातून तंतू मिळवले. २०२० मध्ये त्याच विकराची रचना उलगडली. तीन रेणूंचा एक गट, प्रत्येकातून एक साखळी. अशा सहा पाकळ्या धरल्या, तर एका तंतूत १८ साखळ्या येतात. त्याआधीची पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे ३६ सांगत आली होती.