बोअरच्या पाण्यातल्या लोहाचा हिशेब

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत बोअरचं पाणी उपसताना नितळ असतं आणि टाकीत काही तास राहिलं की तांबूस होतं, तर त्यात बहुधा फेरस लोह (+२ भाराचं, पाण्यात विरघळणारं) आहे. खडकाच्या भेगांत ऑक्सिजन जेमतेम, म्हणून तिथे ते विरघळलेलं राहतं. हवा लागली की ऑक्सिडीकरण सुरू.

पुस्तकात हे सोपं दिसतं: फेरस आयनाने एक इलेक्ट्रॉन गमावला, फेरिक आयन झाला. तीव्र आम्लात हे बरोबर आहे. पण सामू (pH) ७ च्या आसपास फेरिक आयन मोकळा राहत नाही, हायड्रॉक्साइड होऊन गाळात बसतो. म्हणून समीकरणात उजवीकडे फेरिक हायड्रॉक्साइडच लिहायचं. त्यातल्या ऑक्सिजनच्या ३ अणूंसाठी डावीकडे पाण्याचे ३ रेणू. मग उजवीकडे हायड्रोजन ३ ने कमी पडतो, तिथे ३ हायड्रोजन आयन. भार डावीकडे +२, उजवीकडे +३. तो इलेक्ट्रॉनने जुळवायचा, आणि तोही सगळ्यात शेवटी:

फेरस आयन + ३ पाणी → फेरिक हायड्रॉक्साइड + ३ हायड्रोजन आयन + १ इलेक्ट्रॉन

इथेच हवेतला ऑक्सिजन घुसडला की गणित फसतं. त्याची अर्धअभिक्रिया (इलेक्ट्रॉन देण्याची किंवा घेण्याची एकच बाजू) वेगळी:

ऑक्सिजन + ४ हायड्रोजन आयन + ४ इलेक्ट्रॉन → २ पाणी

पहिलीला ४ ने गुणून बेरीज केली की इलेक्ट्रॉन उडतात. ४ फेरस आयन, १ ऑक्सिजन आणि १० पाणी यांतून ४ फेरिक हायड्रॉक्साइड आणि ८ हायड्रोजन आयन.

खरी मेख त्या ८ मध्ये आहे. १ मिलिग्रॅम लोहाला ऑक्सिजन लागतो फक्त ०.१४ मिलिग्रॅम, पण हे हायड्रोजन आयन पचवताना अल्कता (आम्ल झेलायची पाण्याची क्षमता) खर्च होते सुमारे १.८ मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). अल्कता मुळातच कमी असेल तर सामू घसरतो. सामू एकाने उतरला की ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण शंभरपट मंदावतो. मग हवा मिसळायला फवारे कितीही उडवा, लोह फिल्टरमधून पार होतं आणि वरच्या टाकीत जाऊन गंजतं. अशा वेळी हवा वाढवण्याऐवजी चुना किंवा सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालून सामू ७.५ च्या वर न्यावा.

पाण्यात मँगनीज असेल तर ते लोहाहून हट्टी:

मँगनीज आयन + २ पाणी → मँगनीज डायऑक्साइड + ४ हायड्रोजन आयन + २ इलेक्ट्रॉन

नुसत्या हवेने हे सामू ९ च्या वर गेल्याशिवाय धड होत नाही. म्हणून पोटॅशियम परमँगनेट वापरतात, १ मिलिग्रॅम मँगनीजला १.९२ मिलिग्रॅम. मात्रा जास्त झाली तर नळाला गुलाबी पाणी येतं.