टीबीचा संसर्ग वेगळा, टीबीचा आजार वेगळा

दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, संध्याकाळची कणकण, उतरत चाललेलं वजन. असं दिसलं की बेडका तपासायचा, हे आता वाडीवाडीत माहीत आहे. घोळ होतो तो पुढे. रुग्णाच्या घरच्यांची तपासणी होते, हातावर टोचलेली सी-टीबी चाचणी पॉझिटिव्ह येते आणि "अख्ख्या घराला टीबी झाला" अशी बोंब उठते.

झालेला नसतो. टोचल्यापासून 48 ते 72 तासांत त्या जागी 5 मिलिमीटर किंवा मोठी कडक गाठ आली, तर टीबीचे जंतू कधीतरी शरीरात शिरलेत एवढंच कळतं. हा संसर्ग. माणूस ठणठणीत असतो आणि त्याच्यापासून कुणालाही लागण होत नाही. अशा शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी आजार होतो; मधुमेह, एचआयव्ही किंवा कुपोषण असेल तर धोका वाढतो. आजारात जंतू वाढत असतात, आणि फुप्फुसाचा टीबी खोकल्यावाटे हवेतून पसरतो. ताटवाटीतून तो आजारी माणसाचाही पसरत नाही. मग नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून सुनेचं ताट वेगळं काढणं हा निव्वळ छळ आहे.

खरा धोका औषधांच्या गल्लतीत आहे. आजाराला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, रोज. संसर्गाला मात्र आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे 12 डोस, किंवा सहा महिने रोज नुसतं आयसोनियाझिड. आजार असलेल्याला चुकून हा प्रतिबंधक कोर्स दिला, तर त्या एकदोन औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे उरतात आणि वाढतात. मग साधी औषधं लागू पडत नाहीत. म्हणून आधी लक्षणं विचारायची, एक्स-रे काढायचा, शंका आली तर बेडका ट्रूनॅटवर, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्रावर तपासायचा आणि आजार नाही याची खात्री झाल्यावरच प्रतिबंधक गोळी. पाच वर्षांखालच्या मुलांना टोचायची गरज नाही, पण आजार नाही ना हे त्यांच्याही बाबतीत पाहायचंच. आशाताईने विचारल्यावर "पावसाळी खोकला आहे" म्हणून तो लपवू नका.

डबीत थुंकी नको, बेडका हवा. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर जा, दोनतीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून काढा. दोन ते पाच मिलिलिटर पुरे. नुसती लाळ गेली तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

ट्रॉलरवर एका केबिनमध्ये झोपणारे खलाशीही घरच्यांसारखेच धरा. डोसचा वार ठरवा, जेवल्यावर घ्या, समुद्रावर जाताना गोळ्या बरोबर न्या. आयसोनियाझिड चालू असताना नीट बर्फात न ठेवलेला बांगडा किंवा कुपा खाल्ला तर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, धडधडतं. मासळी शिजवूनही तो दोष जात नाही. दारू पूर्ण बंद.

टीबी रुग्णाच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे 1000 रुपये आजाराचे उपचार चालू असलेल्याच्या खात्यात येतात, प्रतिबंधक गोळी घेणाऱ्याच्या नाही. ठणठणीत माणूस, वर पैसेही नाहीत, म्हणून घरचे चौथ्यापाचव्या डोसला गळतात. त्यांना आठवण करणारं कुणीतरी शेजारचं हवंच. मात्र उलट्या होत राहिल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.