लांबवलेला सोलो म्हणजे इन्स्ट्रुमेंटल नव्हे

ठाण्यात पाचपाखाडीला माझा गिटारचा क्लास आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तिथे एखादा मुलगा मोबाइलमध्ये सहा मिनिटांची फाइल घेऊन येतो. "सर, माझं पहिलं इन्स्ट्रुमेंटल." म्हणजे गायकाशिवाय, नुसत्या वाद्यावर उभी राहणारी रचना. सुरुवातीला ड्रम्सचा दणका, आणि मग सहा मिनिटं सोलो. स्वीप, टॅपिंग, परत स्वीप, सगळ्या वेगाच्या करामती. वाजवलेलं असतं अगदी साफ, खोटं कशाला बोलू. त्याच्या वयात माझी बोटं एवढी चालत नव्हती. पण ते इन्स्ट्रुमेंटल नसतं. वरणच नाही आणि नुसती फोडणी वाढलीय, असा तो प्रकार असतो.

सोलो काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. दोन अंतरे झाले, गायक माइकपासून बाजूला झाला, गिटारवाला आठ किंवा सोळा बार (तालाची आवर्तनं) पुढे आला. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी घरात आरशासमोर बॅट धरून तो वाजवलाही असेल. त्यावर शब्द खर्च करत नाही.

एक किरकोळ घोळ झटकून टाकतो. 'सोलो अल्बम' म्हणजे नुसत्या गिटारचा अल्बम, असं समजणारे बरेच भेटतात. सोलो अल्बम म्हणजे बँडबाहेर, स्वतःच्या नावावर काढलेला अल्बम, बस. 'गन्स एन' रोझेस' या रॉक बँडमुळे गाजलेल्या गिटारवाल्या स्लॅशने २०१० साली स्वतःच्या नावाने अल्बम काढला, त्यात जवळजवळ प्रत्येक गाण्याला वेगळा गायक आहे. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा १९७० चा पहिला सोलो अल्बम त्याने स्वतःच गायलेला. गिटार अकूस्टिक की इलेक्ट्रिक, याचाही इन्स्ट्रुमेंटल असण्या-नसण्याशी काही संबंध नाही. लांबीचा तर नाहीच: ब्रिटिश गिटारवादक जेफ बेकचं इन्स्ट्रुमेंटल 'बेक्स बोलेरो' तीन मिनिटं व्हायच्या आत संपतं.

आता जिथे सगळे अडखळतात तिथे येतो.

गाण्यातल्या सोलोच्या पाठीशी अख्खं गाणं उभं असतं. चाल तुमच्या कानात बसलेली असते, शब्दांनी जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. गिटारवाला येतो तो तापलेल्या तव्यावर. त्याने नुसती चढण चढली तरी भागतं, कारण पायथा गायकाने आधीच दाखवलेला असतो. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'चा शेवटचा सोलो घ्या. त्यांचा गिटारवाला गिल्मोर तिथे किती सुंदर वाजवतो हे मी सांगायला नको, पण तेवढाच तुकडा कापून गाणं कधीच न ऐकलेल्या माणसाला ऐकवा. त्याला छान वाटेल. अंगावर काटा येणार नाही. काटा येण्यात आधीच्या सगळ्या गाण्याचा वाटा असतो.

इन्स्ट्रुमेंटलमध्ये ही उधारी मिळत नाही. पायथा गिटारनेच दाखवायचा. मुखडा मांडायचा, तो ऐकणाऱ्याच्या तोंडात बसेल इतक्या साधेपणाने मांडायचा, मग कुठेतरी जायचं आणि परत यायचं. परत आल्याचं कळायला आधी घर दिसलेलं असावं लागतं. आपल्याकडे पेटीवाल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. साथ करताना तो गायकाच्या मागे मागे चालतो, गायक श्वास घेतो तेवढी जागा भरतो. पण गोविंदराव पटवर्धन एकट्याने नाट्यपद वाजवायला बसत, तेव्हा ते नुसत्या भरायच्या जागा वाजवत नसत, पद वाजवत. हीच गोष्ट इलेक्ट्रिक गिटारवर आली की हुशार मुलंही विसरतात.

त्यात गिटारला फुप्फुसं नाहीत. गायकाला, बासरीवाल्याला शरीरच थांबवतं. गिटारवाला बोटं दुखेपर्यंत चालू राहू शकतो, आणि राहतो. माझ्या मते बिघाडाचं मूळ हेच. वेग नंतरचा.

जेफ बेकचाच प्रवास बघा, कारण तो या दोन्ही घरांत राहिला. १९६५ मध्ये यार्डबर्ड्स या बँडमध्ये क्लॅप्टनच्या जागी आला, गाण्यांत सोलो वाजवून नाव कमावलं. १९६७ मध्ये त्याच्या नावाने एक सिंगल निघालं. पुढच्या बाजूला 'हाय हो सिल्व्हर लायनिंग', चक्क त्याने स्वतः गायलेलं. गाणं इंग्लंडात चाललं, पण ते गायल्याचं त्याला पुढे कधी कौतुक वाटलं नाही. मागच्या बाजूला 'बेक्स बोलेरो', बिनगाण्याचं, त्याच्या आदल्या वर्षी गिटारवादक जिमी पेज आणि ड्रमर कीथ मूनबरोबर रेकॉर्ड केलेलं. एकाच तबकडीच्या दोन बाजू, आणि माणूस पुढे कुठे जाणार ते मागच्या बाजूवर. १९६८ च्या 'ट्रुथ' या अल्बममध्ये रॉड स्ट्युअर्टसारखा गायक मिळाला, तोही पुढच्या वर्षी सुटला. मग आणखी बँड, आणखी गायक. शेवटी १९७५ मध्ये 'ब्लो बाय ब्लो' हा अल्बम: गायकच नाही. निर्माता बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन. अमेरिकेत अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत गेला.

आता गंमत बघा. गायक गेल्यावर त्याच्या वाट्याला आलेल्या मोकळ्या जागेत बेकने सोलो कोंबले नाहीत. त्या अल्बमवरचं 'कॉज वुई हॅव एंडेड ॲज लव्हर्स' लावा. पहिले सूर कसे येतात ते हेडफोनवर ऐका. तार छेडल्याचा 'टक्' ऐकूच येत नाही; व्हॉल्यूमचा नॉब बंद ठेवून तार छेडायची आणि मग नॉब हळूच उघडायचा, म्हणजे सूर लांबून चालत आल्यासारखा येतो. मग मुखडा. मग थांबणं. जोर शेवटाकडे येतो, आणि येतो तेव्हा आपल्याला चाल पाठ झालेली असते. पुढे ऐंशीच्या दशकात त्याने पिकसुद्धा (तार छेडायची पट्टी) टाकून दिलं. अंगठा तारेवर, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबपाशी, सूर वरखाली वाकवणारी दांडी, म्हणजे व्हॅमी बार, हाताखाली. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने तंतकारी (तारा छेडत वाजवण्याची रीत) सोडून गायकी अंग (गळ्यासारखं वाजवणं) धरलं.

इथे कुणीतरी मला पकडतंच: "अहो, पण ती चाल तर अमेरिकन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडरची, आणि सिरीटा या गायिकेने आधी गायलेली!" बरोबर. मग व्हॅन शिपलीने गिटारवर वाजवलेल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत आणि यात फरक काय? हा प्रश्न मला आवडतो, कारण आपल्याकडे 'इन्स्ट्रुमेंटल' म्हटलं की बहुतेकांना तेच आठवतं. मीही ऑर्केस्ट्रात बारा वर्षं तेच वाजवलं. निवेदक म्हणायचा "आता ऐकू या गिटार सोलो", आणि मी सिनेमाचं गाणं मुखड्यापासून सुरू करायचो. सोलोही नव्हे आणि मी म्हणतो ते इन्स्ट्रुमेंटलही नव्हे; दोन शब्द एका वाक्यात वाया. शिपलीबद्दल मला आदरच आहे, त्यांची मींड ऐकताना आजही हात थांबतो. पण ते वाजवतात तेव्हा ऐकणारा मनात शब्द म्हणत असतो. वाद्य मूळ गाण्याकडे बोट दाखवतं. बेकचं ऐकणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी सिरीटाची आवृत्ती ऐकलेलीच नसते, आणि काही अडत नाही. चाल कुणाची हा मुद्दा नाही. शब्द आठवले नाहीत तरी ती उभी राहते का, हा आहे.

दोन्ही शेजारी ठेवून बघायचं असेल तर 'नादिया' ऐका. ब्रिटिश संगीतकार नितीन सॉनीच्या १९९९ च्या अल्बमवर ते स्वाती नाटेकरांच्या आवाजात आहे. बेकने ते २००१ च्या 'यू हॅड इट कमिंग'वर घेतलं. ओळीने दोन्ही लावा. आधी बाईंच्या हरकती ऐका, मग तो माणूस गिटारवर त्या कशा घेतो ते. गिटारच्या दोन पडद्यांच्या (फ्रेट्सच्या) मधल्या जागेत सूर ठेवायचा म्हणजे काय, ते मी फळ्यावर लिहून समजावू शकत नाही.

अमेरिकन गिटारवादक जो सॅट्रियानी उलट बाजूने आला. कुठल्या मोठ्या बँडची पुण्याई नव्हती; गिटार शिकवायचा, विद्यार्थ्यांत पुढे नावाजलेले गिटारवादक स्टीव्ह वाय आणि मेटॅलिका या बँडचा कर्क हॅमेट. १९८७ च्या 'सर्फिंग विथ द एलियन' या अल्बमने नाव झालं. त्याच्याकडे वेग पोत्याने आहे, आणि मुलं नेमकं तेवढंच उचलतात. त्याच अल्बमवरचं 'ऑलवेज विथ मी, ऑलवेज विथ यू' कुणी उचलत नाही, कारण ते सोपं वाटतं. वाजवून बघा. पहिल्या ओळीतला एखादा सूर जरा जास्त धरला की सगळं लाडिक होतं, कमी धरला की कोरडं.

तर फाइल घेऊन येणाऱ्या मुलाला मी एकच काम देतो. गिटार खाली ठेव आणि तुझं इन्स्ट्रुमेंटल गुणगुणून दाखव. गेल्या महिन्यात आलेला मुलगा बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, ड्रम्सचं करू का?"

मी म्हटलं, कर. तो भाग त्याला तोंडपाठ होता. सहाचं चार मिनिटांवर आणलंय त्याने, मुखडा अजून सापडलेला नाही. शनिवारी येतोय परत.