रस्त्याचा कार्बन रुपयांत मोजू नका

महापालिकेचं कार्बन उत्सर्जन म्हटलं की बहुतेकांना विजेचं बिल आणि डिझेलच्या बसगाड्या आठवतात. पण ठाणे-नवी मुंबईसारख्या शहरांत पालिका जे विकत घेते किंवा ठेकेदाराकडून बांधून घेते, त्याचंही उत्सर्जन असतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलमध्ये स्वतःच्या इंधनाला स्कोप १, विकतच्या विजेला स्कोप २ आणि पुरवठा साखळीतल्या उत्सर्जनाला स्कोप ३ म्हणतात. मोजायला सगळ्यात अवघड तिसराच.

आता काँक्रीटचा रस्ता घ्या. सिमेंटचा कार्बन फक्त भट्टीतल्या कोळशाचा असतो, हा समज चुकीचा आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती तापवली की १०० किलोतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा वायू दगडातच बांधलेला होता, त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. सिमेंटचा गाभा असलेल्या क्लिंकरमध्ये साधारण ६५ टक्के चुना असतो. म्हणजे ६५ ला ४४ ने गुणा, ५६ ने भागा: एक टन क्लिंकरमागे सुमारे ५१० किलो वायू नुसत्या दगडातून येतो. इंधनाचा वेगळा.

समजा, रस्ता १ किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद आणि काँक्रीटचा थर २० सेंटीमीटर. काँक्रीट १,४०० घनमीटर. घनमीटरला ४०० किलो धरलं तर सिमेंट ५६० टन, म्हणजे ११,२०० गोणी. ओपीसी, म्हणजे साध्या सिमेंटमध्ये क्लिंकर ९५ टक्क्यांच्या आसपास; दगडातून सुटलेला वायू सुमारे २७० टन. त्याऐवजी फ्लाय अॅश (कोळशावरच्या वीज केंद्रांतली राख) मिसळलेलं, ६५ टक्के क्लिंकरचं पीपीसी सिमेंट वापरलं तर सुमारे १८५ टन. पीपीसी सावकाश ताकद धरतं, रस्ता जास्त दिवस बंद ठेवावा लागतो. ठाण्यातल्या वर्दळीच्या घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी ही अडचण खरीच आहे.

मात्र अनेक अहवालांत उत्सर्जन खर्चावरून काढतात: बांधकामावर इतके रुपये, गुणिले रुपयामागे किती कार्बन याचा एक ठरावीक गुणांक. सोपं आहे, पण ठेकेदाराने २० टक्के कमी दराची निविदा भरली की कागदावरचा कार्बनही २० टक्के घटतो. गोण्या तेवढ्याच. अशा आकड्यांवर ‘कार्बन न्यूट्रल’चे फलक लावणं ही लोकांची दिशाभूल आहे, मग जोडीला कितीही रोपं लावा.

खरी माहिती पालिकेकडे आधीच असते. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात घनमीटर लिहितो. मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे काँक्रीटमध्ये काय किती घालायचं ते ठरवणाऱ्या कागदात, सिमेंटचं प्रमाण असतं. पीपीसीच्या टेस्ट सर्टिफिकेटवर फ्लाय अॅशची टक्केवारी छापलेली असते. हे तीन कागद बिलासोबत जोडून घ्यावेत आणि त्यावरूनच उत्सर्जन काढावं, अशी अट निविदेतच घालता येईल.