तिखटगोड आवळा कँडी: फळातले मोकळे पाणी बांधण्याचे शास्त्र

कार्तिक लागला की पुण्याच्या मंडईत आणि मार्केट यार्डात आवळ्याचे ढीग दिसू लागतात आणि थंडी सरेपर्यंत ते हटत नाहीत. नुसता खाऊन संपणारे हे फळ नव्हे, म्हणून घरोघरी त्याचा मोरावळा होतो, सुपारी होते, लोणचे होते, आणि वरून तिखट-मीठ लावलेली कँडीही होते. साखरेत मुरवून वाळवलेल्या फोडी एवढीच तिची कृती वरवर दिसते. पण ती करून पाहणाऱ्या अनेकांचा अनुभव असा की कधी फोडी आक्रसून दडस होतात, कधी दोन दिवसांत पाक आंबतो, कधी सगळ्यावर खडबडीत साखर धरते, तर कधी उन्हाळाभर उत्तम टिकलेली कँडी आषाढात सादळून तिच्यावर बुरशी येते. या चारही बिघाडांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे फळातल्या पाण्याची आपण लावलेली व्यवस्था.

ताज्या आवळ्याच्या वजनातला चार पंचमांशाहून अधिक भाग पाणी असतो. जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु पदार्थात एकूण किती पाणी आहे यापेक्षा त्यातले किती मोकळे आहे याला महत्त्व असते. ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम स्कॉट यांनी १९५० च्या दशकात हा मुद्दा प्रयोगांनी पक्का केला आणि त्यातून जलसक्रियता हे माप अन्नविज्ञानात रुळले. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ धरतात; ताज्या फळाची ०.९७ च्या पुढे असते. ती साधारण ०.९१ च्या खाली गेली की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, ०.८८ च्या आसपास बहुतेक यीस्ट थांबतात, ०.८० च्या सुमारास बहुतेक बुरशी थांबतात, आणि ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. साखरेचा प्रत्येक रेणू आपल्याभोवती पाण्याचे रेणू धरून ठेवतो, त्यामुळे पाणी फळातच राहिले तरी सूक्ष्मजीवांच्या वाट्याला येत नाही. पाणी पूर्ण काढून टाकले तर आवळा लाकडासारखा होईल. ते साखरेने बांधले तर फोड मऊ राहूनही टिकते.

आता ही साखर फोडीच्या आत पोहोचवायची कशी, हा खरा प्रश्न आहे. कच्च्या फळाच्या प्रत्येक पेशीभोवती पटल असते आणि ते पाण्याला वाट देते, साखरेला मात्र अडवते. म्हणून कच्चा आवळा साखरेत टाकला तर पाणी बाहेर येते आणि साखर बाहेरच राहते. आवळे आधी वाफवण्याचे कारण हे आहे. मोदकपात्रात आठ-दहा मिनिटे वाफ दिली की पटले मोडतात, पाकळ्या आपोआप सुटू लागतात आणि साखरेचा मार्ग खुला होतो. काही जण आवळे फ्रीजरमध्ये गोठवून मग साध्या तापमानाला आणतात. तेथे हेच काम बर्फाचे स्फटिक करतात. वाफ जास्त झाली तर पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळते आणि फोडींचा लगदा होतो, म्हणून पाकळी बोटाने अलगद सुटते त्या क्षणी थांबणे चांगले. ज्या फळांचा मुळातच लगदा होतो, त्यांच्यासाठी चुन्याची निवळी वापरण्याची जुनी रीत आहे: चुन्यातले कॅल्शियम पेक्टिनच्या शेजारशेजारच्या साखळ्यांना एकत्र बांधते आणि फोड कणखर राहते. कोहळ्याचा पेठा तासनतास पाकात शिजूनही मोडत नाही तो यामुळेच. आवळ्याला त्याची गरज पडत नाही.

पटले मोडली तरी घाई करून चालत नाही. पाण्याचा रेणू साखरेच्या रेणूच्या तुलनेत फारच लहान आहे. त्यांचे रेणुभार अनुक्रमे १८ आणि ३४२ आहेत. फोड एकदम दाट पाकात टाकली तर पाणी भराभर बाहेर पडते, साखर तेवढ्या वेगाने आत शिरू शकत नाही आणि रिकाम्या झालेल्या पेशी खचतात. आक्रसलेली, चिवट फोड तयार होते ती अशी, आणि एकदा खचलेली फोड नंतर कितीही मुरवली तरी फुगत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पाक पातळ असावा आणि तो दररोज थोडा थोडा दाट करावा. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ साली विसरणाचे, म्हणजे पदार्थ दाट भागाकडून पातळ भागाकडे पसरत जाण्याचे, जे नियम मांडले, त्यांतून स्वयंपाकघराला उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते: साखर आत मुरायला लागणारा वेळ फोडीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ निम्मा न लागता पाव लागतो. अख्खा आवळा टोचून मुरवायला आठवडे लागतात आणि सुट्या पाकळ्या काही दिवसांत मुरतात, हा फरक त्यातूनच येतो.

घरात सोपे पडते ते असे: वाफवलेल्या एक किलो पाकळ्यांवर किलोभर साखर थरांनी पसरावी आणि पातेले झाकून ठेवावे. पाकळ्यांतल्या पाण्यातच साखर विरघळत जाते आणि पाक आपोआप तयार होतो. दुसऱ्या दिवसापासून पाक निथळून घ्यावा, उकळून किंचित आटवावा, कोमट झाल्यावर पुन्हा पाकळ्यांवर ओतावा. या रोजच्या उकळीचे दोन उपयोग आहेत. पाक दाट होतो हा एक. दुसरा अधिक महत्त्वाचा, कारण सुरुवातीचा पातळ पाक हे यीस्टचे आवडते खाद्य असते आणि उकळी चुकली तर बुडबुडे येऊन आंबूस वास सुटतो. पातेले स्टीलचे घ्यावे. लोखंडाशी आवळ्यातल्या टॅनिनचा संयोग होऊन सगळे काळे पडते आणि तांब्यामुळे क जीवनसत्त्वाचा नाश वेगाने होतो.

किती आटवायचे याचा हिशेब मात्र बहुतेक कृतींमध्ये दिलेला नसतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त कँडी बिघडते ती येथेच. किलोभर आवळ्यात सुमारे ८२० ग्रॅम पाणी धरले, तर किलोभर साखर घालूनही पाण्याच्या व साखरेच्या मिश्रणात साखरेचे प्रमाण जेमतेम ५५ टक्के होते. कँडी टिकायला लागणाऱ्या ७० टक्क्यांवर (त्याचे कारण पुढे येते) ते न्यायचे तर पाणी ४३० ग्रॅमच्या आसपास उरायला हवे, म्हणजे जवळजवळ ४०० ग्रॅम पाणी वाफ होऊन जायला हवे. साखरेची वाफ होत नाही, त्यामुळे वजनात जी घट होते ती सगळी पाण्याची. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवावे, आणि पाकळ्या व पाक मिळून दोन किलोंचे एक किलो सहाशे ग्रॅम झाले की पाक हवा तेथे पोहोचला असे समजावे. एकतारी, दोनतारी पाक बोटांवर ओळखणाऱ्यांची नजर मोठी असते, परंतु आंबट फळाच्या पाकात तार फसवते. वजनकाटा फसवत नाही.

थर्मामीटर वापरणाऱ्या पुणेकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंश सेल्सियसला उकळते. पाकाचा उत्कलनबिंदूही त्याच प्रमाणात खाली येतो. जॅम १०५ अंशांवर तयार होतो असे पुस्तकात लिहिलेले असेल, तर ते समुद्रसपाटीचे माप आहे. पुण्यात तोच दाटपणा १०३ अंशांना येतो. पुस्तकातल्या आकड्याची वाट पाहत बसले तर पाक पुढे जातो आणि थंड झाल्यावर दगडासारखा घट्ट होतो.

साखर धरण्याचा बिघाड यापुढचा आहे. साध्या तापमानाला पाण्यात साखर जास्तीत जास्त ६७ टक्क्यांपर्यंत विरघळून राहते आणि अशा संपृक्त पाकाचीही जलसक्रियता ०.८५ च्या घरातच असते. बुरशीला रोखायला हे पुरेसे नाही, आणि पाक याहून दाट केला तर जादा साखर स्फटिक होऊन बाहेर पडते. येथे आवळ्याचा आंबटपणा मदतीला येतो. आम्ल आणि उष्णता मिळून साखरेच्या रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतात. या तीन साखरा एकत्र असल्या की स्फटिकाची शिस्तबद्ध रचना सहज जमत नाही आणि एकूण साखर अधिक विरघळून राहते. शिवाय एकाचे दोन रेणू झाल्यामुळे पाणीही अधिक बांधले जाते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने पाकवलेल्या फळांसाठी एकूण साखर ७० टक्क्यांहून कमी नसावी आणि त्यातला किमान चौथा हिस्सा अशा सुट्या, क्षपणकारी साखरांचा असावा, असा नियम ठेवला आहे, तो या कारणासाठी. पपई, कोहळा अशी आंबटपणा नसलेली फळे घेतली तर पाकात लिंबाचा रस पिळणे म्हणूनच आवश्यक ठरते. आवळ्याच्या पाकात तो घालावा लागत नाही, फक्त उकळी पुरेशी द्यावी लागते.

मुरत असलेली पाकळी रोज उजेडात धरून पाहावी. पहिल्या दिवशी ती पांढरट, धुरकट असते, कारण पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते आणि हवा व पेशीभित्तिका यांच्या सीमेवर प्रकाश विखुरला जातो. पाक आत शिरतो तसा हवेची जागा घेतो. पाकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, पेशीभित्तिकेच्या जवळचा असल्याने प्रकाश विखुरण्याऐवजी आरपार जातो. तेल लागलेला कागद पारदर्शक दिसतो त्याचे कारण नेमके हेच आहे. पाकळीच्या कडा आधी मधाळ रंगाच्या होतात आणि धुरकट भाग आत आत सरकत जाऊन आतल्या बाजूची एक पुसट रेघ उरते. ती रेघ नाहीशी झाली की पाकळी मुरली. पाकळीकडे पाहून पारख करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

मुरलेल्या पाकळ्या निथळून, कोमट पाण्यातून क्षणभर काढून वाळवायच्या. कडक उन्हात किंवा तापलेल्या ओव्हनमध्ये पृष्ठभाग झटकन सुकून त्याचे कवच बनते आणि आतली ओल अडकून पडते; वरून कोरडी दिसणारी ही कँडी बरणीत गेल्यावर आतून ओलावते. पुण्याच्या हिवाळ्यातली दुपारची कोरडी हवा या कामासाठी उत्तम आहे. मलमलीच्या कापडाखाली, सावलीत, वारा लागेल अशा जागी ताटे ठेवली की दोन-तीन दिवसांत पाकळी हाताला चिकटेनाशी होते.

तिखटाचे काम आता, अगदी शेवटी. मिरचीला तिखटपणा देणारा कॅप्सेसिन तेलात विरघळतो, पाण्यात नव्हे. मिरचीचा लाल रंगही तसाच. त्यामुळे उकळत्या पाकात तिखट घातले तर ते पाकात उतरत नाही, नुसते गढूळ दिसते, करपते आणि घरभर ठसका उठतो. वाळलेल्या पाकळीवर ते भुरभुरले तर जिभेला सर्वांत आधी भेटते. कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, डिवचतो त्याचे नाव टीआरपीव्ही१. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली तो शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा गौरव झाला. हाच ग्राही सुमारे ४३ अंशांपुढच्या उष्णतेलाही जागा होतो, म्हणून तिखट ‘जळते’. आम्लामुळे तो अधिक संवेदनशील होतो, तर साखरेने तोंडातली जळजळ कमी होते. तिखट लावलेली पाकळी आधी चरचरते, गोडव्याने निवते आणि आवळ्याचा आंबटपणा वर आला की पुन्हा किंचित उसळते, तेव्हा ही ओढाताण आपण चाखत असतो. भाजून बारीक केलेले जिरे, सुंठ, मिरपूड आणि पादेलोण यांची जोड तिखटाला द्यावी. मसाले कोरडे भाजून घ्यावेत, म्हणजे त्यांतली ओलही जाते. आल्याच्या फोडी पाकवायच्या असतील तर मिरचीची गरज नाही, कारण तापवताना आणि वाळवताना आल्यातल्या जिंजेरॉलचे काही प्रमाणात शोगॉल बनते आणि ते अधिक तिखट असते.

मिठाचे मात्र सांभाळावे. वजनाला वजन धरले तर मीठ पाणी बांधण्यात साखरेच्या कितीतरी पुढे आहे: त्याचा रेणुभार ५८.५ आणि पाण्यात त्याचे दोन आयन सुटे होतात, म्हणजे एक ग्रॅम मिठातून सुमारे बारा ग्रॅम साखरेइतके कण मिळतात. फळाच्या आत ही जमेची बाजू आहे. पृष्ठभागावर ती अडचण होते, कारण हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ याहून दमट असते. कँडीची जलसक्रियता ०.६५ असेल तर ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ती जशीच्या तशी राहते, त्याहून दमट हवेत पाणी घेते. पृष्ठभागाच्या पातळ थरातली साखर सौम्य होते आणि बुरशीला तेवढा थर पुरतो. त्यासाठी तिखट-मीठ लावलेली कँडी उन्हाळ्यापर्यंत संपवावी. पावसाळ्यासाठी ठेवायची ती नुसती पिठीसाखरेत घोळवून, काचेच्या घट्ट झाकणाच्या लहान लहान बरण्यांत भरावी आणि एक बरणी उघडली की त्यातल्या पाकळ्यांना तेवढ्यापुरते तिखट-मीठ लावावे.

क जीवनसत्त्वाच्या नावाने ही कँडी विकली जाते, त्याबद्दलही सांगणे भाग आहे. हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने कमी होते, पाण्यात विरघळते, आणि त्यामुळे त्याचा मोठा वाटा पाकात उतरलेला असतो. कँडीत काही अंश राहतो, पण ती सत्तर टक्के साखर आहे हे विसरून मुलांना मूठभर देऊ नये, आणि मधुमेह असणाऱ्यांनी तर ती टाळलेलीच बरी. उरलेला पाक ओतून देण्याची चूक करू नये. आवळ्याचे आम्ल, सुगंध आणि वाचलेले जीवनसत्त्व त्यात आहे. एक उकळी देऊन बाटलीत भरला, फ्रीजमध्ये ठेवला आणि चमचाभर पाक, चिमूटभर शेंदेलोण व थंड पाणी एकत्र केले की चैत्रात चांगले सरबत होते.